एचआरमध्ये एमबीए करायचंय? आधी ‘कोणता एचआर’ ते ठरवा

ग्रॅज्युएशनचा शेवटचा पेपर संपतो आणि घरात एकच प्रश्न सुरू होतो, पुढे काय? एमबीए करायचं हे ठरतं. मग स्पेशलायझेशनचा विषय निघतो. फायनान्स नको, कारण गणित. मार्केटिंग नको, कारण टार्गेट आणि उन्हातली फिरती. उरतो एचआर. आणि मग ठरलेलं वाक्य येतं, “तसंही मला लोकांशी बोलायला आवडतं.”

एचआरला जाणारे बरेच जण असेच जातात, बाकीची दारं बंद करत करत. त्यात इन्स्टावर एचआरचे जे रील्स फिरतात, त्यातला एचआर एक तर दिवाळीला रांगोळी स्पर्धा घेत असतो, नाहीतर “वी विल गेट बॅक टू यू” म्हणून गायब होत असतो.

दोन वर्षं, फीचे काही लाख आणि बऱ्याचदा डोक्यावर एज्युकेशन लोन, एवढं सगळं पणाला लावायचं असेल तर ‘लोकांशी बोलायला आवडतं’ हे कारण पुरत नाही. एचआर हे एकच काम नाही. त्यात चार-पाच वेगवेगळी करिअर आहेत आणि तुम्ही कोणत्या दारातून आत शिरता, यावर त्यातलं कोणतं तुमच्या वाट्याला येणार ते बऱ्यापैकी ठरतं.

तर हा विषय पहिल्यापासून समजून घेऊ.

एचआर आला कुठून?

याचं उत्तर बरंचसं आपल्या मुंबईत सापडतं.

गिरणगावात एकेकाळी कामगार भरायचं काम ‘जॉबर’ करायचा. आपल्या गावची, ओळखीची माणसं आणायची, त्यांना कामाला लावायचं, कोणाला ठेवायचं आणि कोणाला काढायचं ते ठरवायचं. आजच्या भाषेत रिक्रुटर, सुपरवायझर आणि एचआर मॅनेजर, सगळं एकाच माणसात. या कामासाठी तो कामगाराकडून ‘दस्तुरी’ घ्यायचा. दस्तुरी नाही दिली तर काम जायचं.

दुसरीकडे कामगारांची संघटना उभी राहत होती. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळावी म्हणून लढत होते. १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. आज आपण ज्याला ‘वीक ऑफ’ म्हणतो, ती मागून मिळवलेली गोष्ट आहे.

१९२९ मध्ये ब्रिटिश सरकारने भारतातल्या कामगारांच्या स्थितीचा अभ्यास करायला व्हिटली आयोग नेमला. १९३१ च्या अहवालात आयोगाने सांगितलं की भरतीची सूत्रं जॉबरच्या हातून काढून घ्या आणि त्यासाठी ‘लेबर ऑफिसर’ नेमा. भारतातल्या एचआरच्या नोकरीचं मूळ शोधायचं तर ते इथे सापडतं.

१९३६ मध्ये मुंबईत नागपाड्याला सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. तीच आजची टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस. १९४९ मध्ये जमशेदपूरला जेझुइटांनी एक्सएलआरआय सुरू केली. या दोन संस्थांची नावं आजही एचआरच्या यादीत सगळ्यात वर असतात. एकीचं मूळ समाजकार्यात आहे आणि दुसरीचं नाव कामगार संबंधांच्या अभ्यासासाठी झालं.

मधल्या काळात फॅक्टरीज ॲक्ट, १९४८ आला. त्याच्या कलम ४९ ने सांगितलं की ५०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात वेल्फेअर ऑफिसर, म्हणजे कामगार कल्याण अधिकारी, नेमलाच पाहिजे. त्याची पात्रता राज्य सरकारच्या नियमांनी ठरते. म्हणजे एचआरमधलं एक पद कायद्याने सक्तीचं झालं आणि त्यासाठी कोणती डिग्री चालेल हेही सरकार सांगू लागलं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दोन वर्षांत शिकवतात काय?

पहिल्या वर्षी एमबीएच्या वर्गात सगळ्यांना साधारण सारखंच शिकावं लागतं. अकाउंटिंग, अर्थशास्त्र, स्टॅटिस्टिक्स, मार्केटिंग, ऑपरेशन्स. म्हणजे ज्या गणिताला घाबरून एचआर घेतलं, ते गणित आधी भेटतंच. दुसऱ्या वर्षी स्पेशलायझेशन मुख्य होतं. टिस किंवा एक्सएलआरआयसारख्या ठिकाणी मात्र प्रवेशच एचआरच्या कोर्सला होतो.

एचआरच्या विषयांची ढोबळमानाने चार खाती पडतात.

पहिलं, माणसं आणणं. किती लोक लागतील याचा अंदाज, जॉब डिस्क्रिप्शन, मुलाखतीचं तंत्र, निवड चाचण्या.

दुसरं, माणसं घडवणं आणि टिकवणं. ट्रेनिंग, अप्रेझल, करिअर प्लॅनिंग, संघटनात्मक वर्तन. मानसशास्त्राचा बराचसा भाग इथे येतो.

तिसरं, पैसा. पगाराची रचना, पीएफ, ईएसआय, ग्रॅच्युइटी, बोनस, इन्सेन्टिव्ह. इथे आकडेमोड रोजची आहे. एक साधं उदाहरण घ्या. एखाद्याचा शेवटचा बेसिक आणि डीए मिळून २६,००० रुपये आणि नोकरी १० वर्षं. ग्रॅच्युइटी काढताना महिन्याचे २६ दिवस धरतात आणि दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार देतात. २६,००० भागिले २६ म्हणजे दिवसाचे १,०००. त्याचे १५ दिवस म्हणजे १५,०००. गुणिले १० वर्षं, म्हणजे दीड लाख. हे गणित अवघड नाही, पण चुकलं तर समोरच्याचे दहा वर्षांच्या कामाचे पैसे चुकतात.

चौथं, कायदा. कामगार कायदे, युनियनशी वाटाघाटी, शिस्तभंगाची कारवाई, चार्जशीट, चौकशी. यातच २०१३ चा पॉश कायदा येतो, ज्यानुसार १० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावीच लागते. या कायद्याला आधार होता सुप्रीम कोर्टाच्या १९९७ च्या विशाखा निकालाचा.

या चारांच्या वर आता पाचवं खातं बसलंय, एचआर ॲनालिटिक्स. वर्षभरात सरासरी ८० लोकांच्या ऑफिसमधून १२ जण सोडून गेले, तर ॲट्रिशन १५ टक्के. इथवर सोपं आहे. पण ते १२ कोणत्या टीममधले होते, कोणत्या मॅनेजरच्या हाताखालचे होते, किती महिन्यांत गेले, हे एक्सेलमध्ये मांडून वरिष्ठांना दाखवता आलं तर तुमच्या बोलण्याला वजन येतं.

डिग्रीची चार दारं

आता मुख्य मुद्दा. एचआरचं पोस्ट ग्रॅज्युएशन म्हणजे फक्त एमबीए असं बऱ्याच जणांना वाटतं. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यासमोर निदान चार दारं आहेत.

पहिलं, एमबीए किंवा एमएमएस. ही विद्यापीठाची डिग्री. पुणे विद्यापीठात एमबीए म्हणतात, मुंबई विद्यापीठात एमएमएस हे नाव रूढ आहे. कॉर्पोरेट, आयटी, बँका, सर्व्हिस कंपन्या यांच्यासाठी हे नेहमीचं दार. फायदा असा की उद्या एचआर नको वाटलं तर जनरल मॅनेजमेंटची पाटी हातात राहते. तोटा असा की बऱ्याच कॉलेजांत कामगार कायदा एक-दोन पेपरांत आटोपतो.

दुसरं, पीजीडीएम. स्वायत्त संस्था एआयसीटीईच्या मान्यतेने हा कोर्स चालवतात. अभ्यासक्रम पटकन बदलता येतो, त्यामुळे तो बाजाराच्या जवळ असू शकतो. पण नावाप्रमाणे हा डिप्लोमा आहे. पुढे पीएचडी किंवा सरकारी नोकरीचा विचार असेल तर त्याला एआययूची समकक्षता आहे का, हे प्रवेशाआधी बघा. नंतर बघून उपयोग नसतो.

तिसरं, एमएसडब्ल्यू. समाजकार्याची ही डिग्री अनेक कॉलेजांत एचआर किंवा कामगार कल्याण हा विषय घेऊन करता येते. पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था हे यातलं जुनं नाव. इथे फिल्डवर्क असतं, म्हणजे आठवड्यातले ठरावीक दिवस प्रत्यक्ष कारखान्यात किंवा संस्थेत. फी बहुतेक ठिकाणी एमबीएपेक्षा बरीच कमी. कारखान्यातला वेल्फेअर ऑफिसर व्हायचं असेल तर हे पारंपरिक दार आहे.

चौथं, लेबर स्टडीज. मुंबईत परळला राज्य सरकारची एक संस्था आहे, नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र इन्स्टिट्यूट ऑफ लेबर स्टडीज. वर ज्यांचा उल्लेख आला तेच लोखंडे. इथे मास्टर ऑफ लेबर स्टडीज, म्हणजे एमएलएस, करता येतं. कामगार कायदा आणि औद्योगिक संबंध यांवर भर असलेला हा कोर्स सोशल मीडियावरच्या ‘टॉप टेन एमबीए कॉलेज’च्या यादीत दिसत नाही, म्हणून अनेकांना तो माहीतच नसतो.

थोडक्यात सांगायचं तर हिंजवडीच्या काचेच्या बिल्डिंगमध्ये जायचंय की चाकण, बुटीबोरी, वाळूजच्या प्लांटमध्ये, हे आधी ठरवा. प्लांटमधल्या एचआरला शिफ्ट, कॅन्टीन, कंत्राटी कामगार आणि युनियन सांभाळावी लागते. आणि तिथे चांगलं मराठी बोलता येणं हे मोठं भांडवल असतं. वेल्फेअर ऑफिसरच्या पदासाठी आपली डिग्री राज्याच्या यादीत बसते का, हे कॉलेजला लेखी विचारायला लाजू नका.

प्रवेश कसा मिळतो?

राज्यातल्या एमबीए आणि एमएमएससाठी राज्य सीईटी सेलची एमएएच-एमबीए सीईटी असते. २०० प्रश्न, १५० मिनिटं, निगेटिव्ह मार्किंग नाही. यात लॉजिकल रिझनिंगचा वाटा सगळ्यात मोठा, त्यामुळे आर्ट्सच्या मुलांनी आधीच हार मानायचं कारण नाही. ग्रॅज्युएशनला ५० टक्के हवेत, महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गांना ४५. त्यानंतर कॅप राउंडमधून कॉलेज मिळतं.

देशपातळीवर कॅट आहे. आयआयएम रांचीचा एचआरचा वेगळा एमबीए आहे आणि टिसनेही अलीकडे एचआरच्या कोर्ससाठी कॅटचे गुण धरायला सुरुवात केलीय. एक्सएलआरआयसाठी झॅट, पुण्यातल्या एससीएमएचआरडीसह सिम्बायोसिसच्या संस्थांसाठी स्नॅप, एनएमआयएमएससाठी एनमॅट. चांगल्या संस्थांत नुसत्या परीक्षेवर भागत नाही, पुढे मुलाखत असते. आणि तिथे पहिलाच प्रश्न येतो, “एचआरच का?” तेव्हा “मला लोकांशी बोलायला आवडतं” हे उत्तर समोरच्या पॅनेलने त्याच दिवशी अनेकदा ऐकलेलं असतं.

फी आणि सवलती

राज्यातल्या खासगी व्यावसायिक कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या वेबसाइटवर बघता येते. ॲडमिशन काउन्सेलर फोनवर सांगतो तो आकडा या आकड्याशी ताडून बघा.

कॅपमधून प्रवेश घेतला तर महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्त्यांचा रस्ता उघडतो. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती ही त्यातली एक. शिवाय २०२४-२५ पासून राज्य सरकारने ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलंय. अट ही की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्थेच्या पातळीवर प्रवेश घेतला की ही सवलत हातातून जाते. “सीट भरत आल्यात, आजच टोकन भरा” असा फोन आला तर हे आठवा.

पुस्तक जुनं, कायदा नवीन

आत्ता एचआर शिकणाऱ्यांसाठी सगळ्यात मोठी घडामोड ही आहे. केंद्र सरकारने २९ कामगार कायदे एकत्र करून चार संहिता केल्या. वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि कामाच्या ठिकाणची सुरक्षितता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या लागू झाल्या. म्हणजे सिनियरकडून मिळालेल्या नोट्समधला मोठा भाग आता इतिहासाच्या पेपरला चालेल.

काही बदल बघा.

पगाराच्या रचनेत भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरची रक्कम ‘वेतन’ धरली जाते. समजा महिन्याचा मोबदला ४०,०००, त्यात बेसिक १४,००० आणि वगळता येण्याजोगे भत्ते २६,०००. भत्त्यांची मर्यादा २०,०००. वरचे ६,००० वेतनात जमा, म्हणजे हिशेबासाठीचं वेतन २०,०००. ग्रॅच्युइटी आता या आकड्यावर.

ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांना ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षं थांबायची गरज नाही, एक वर्षाची नोकरी पुरते.

नोकरी सोडली किंवा काढलं, तर थकलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं. फुल अँड फायनलसाठी ४५ दिवस वाट बघितलेल्यांना यातली गंमत कळेल.

२० किंवा जास्त कामगार असतील तर तक्रार निवारण समिती हवी. वेल्फेअर ऑफिसरसाठीचा आकडा कारखान्यांत ५०० वरून २५० वर आणायची तरतूद आहे, म्हणजे या पदाची गरज वाढू शकते. दुसरीकडे कामगार कपातीसाठी सरकारची आधी परवानगी लागण्याची मर्यादा १०० वरून ३०० कामगारांवर गेलीय. त्यावर कामगार संघटनांचा आक्षेप आहे. तुम्ही कोणत्या बाजूचे आहात हा वेगळा प्रश्न, पण एचआरचा विद्यार्थी म्हणून दोन्ही बाजू माहीत असायलाच हव्यात.

म्हणून कॉलेज बघायला गेलात की एक प्रश्न नक्की विचारा, “चार लेबर कोड कोण शिकवतं आणि कोणत्या सेमिस्टरला?” उत्तर देताना समोरचा अडखळला तर तुम्हाला जे कळायचं ते कळलं.

नोकरी कसली मिळते?

ब्रोशरवर लिहिलेलं असतं, ‘एचआर मॅनेजर’. सुरुवात मात्र बहुतेकांची रिक्रुटमेंटपासून होते. नोकरीच्या पोर्टलवरून बायोडेटा काढा, फोन करा, नोटीस पिरियड विचारा, इंटरव्ह्यू लावा, उमेदवार आला नाही की पुन्हा फोन. महिन्याला अमुक जागा भरायचं टार्गेटही असतं. मार्केटिंगमधलं टार्गेट नको म्हणून इकडे आलेल्यांना हा पहिला धक्का बसतो.

हे काम वाईट नाही. माणसं ओळखायला इथेच शिकतात. पण तिथेच अडकायचं नसेल तर पुढचे रस्ते माहीत हवेत. एचआर बिझनेस पार्टनर, कॉम्प अँड बेन, लर्निंग अँड डेव्हलपमेंट, ॲनालिटिक्स, इंडस्ट्रियल रिलेशन्स. समर इंटर्नशिप यातल्या आवडत्या खात्यात मिळवायची धडपड करा, कारण पहिली नोकरी बऱ्याचदा तिथूनच ठरते.

कॉर्पोरेटच्या पलीकडेही जागा आहेत. सरकारी कंपन्यांत एचआर अधिकाऱ्यांची भरती होते. यूजीसी नेटमध्ये कामगार कल्याण, कार्मिक व्यवस्थापन आणि एचआर यांचा मिळून एक विषय आहे, कोड ५५. त्यातून प्राध्यापकीचा आणि संशोधनाचा रस्ता खुला होतो.

प्लेसमेंट रिपोर्ट वाचायचीही एक पद्धत आहे. ‘हायेस्ट पॅकेज’ एकाच माणसाला मिळतं, ते सोडून द्या. ‘ॲव्हरेज’ त्या एकामुळे फुगतं. मीडियन विचारा, म्हणजे बरोबर मधल्या विद्यार्थ्याला काय मिळालं. तो आकडा फक्त एचआरच्या मुलांचा आहे का, सीटीसी आहे की हातात येणारा पगार, बॅचमधल्या किती जणांना नोकरी लागली आणि पदाचं नाव काय होतं, हेही विचारा. मग त्या मीडियनमधून लोनचा हप्ता आणि पुण्या-मुंबईचं घरभाडं वजा करून बघा. अजून ॲडमिशनही झालेलं नाही आणि एचआरचा पहिला धडा गिरवून झाला.

एचआर नक्की कोणाचा?

या क्षेत्रात जाणाऱ्याने स्वतःला हा प्रश्न आधीच विचारावा. एचआरला पगार कंपनी देते. कॉस्ट कटिंग ठरतं वरच्या मजल्यावर, पण समोर बसून “आज तुमचा शेवटचा दिवस” हे सांगायचं काम एचआरकडे येतं. लोकांशी बोलायला आवडणं म्हणजे हेही बोलणं.

पण हे पद तयार झालं ते जॉबरच्या मनमानीला आळा घालायला, हेही खरं. आपल्या मर्जीने कोणालाही काढता येऊ नये, हिशेबात कोणाचे पैसे बुडू नयेत, तक्रार करणाऱ्याचं ऐकून घेणारं कोणीतरी असावं, यासाठी. कायदा नीट माहीत असलेला एचआर मालकाला “सर, हे असं करता येणार नाही, उद्या लेबर कोर्टात अडकू” असं सांगू शकतो. कायदा न शिकलेला एचआर फक्त ईमेल पुढे ढकलतो.

म्हणून गणित टाळायला एचआर घेत असाल तर थांबा, गणित इथेही आहे. फक्त बोलायची आवड असेल तरी थोडा विचार करा, कारण इथे बोलण्यापेक्षा ऐकावं जास्त लागतं. पण एखाद्याच्या पगाराच्या चिठ्ठीवरचा चुकलेला आकडा बघून तुम्हाला चैन पडत नसेल, दोन भांडणाऱ्यांचं म्हणणं शांतपणे लिहून घेता येत असेल आणि कायद्याचं कलम वाचताना झोप येत नसेल, तर ही डिग्री तुमच्यासाठी आहे. फॉर्म भरण्याआधी फक्त चारही दारं उघडून बघा.